रोज सव्वीस मैल

यंदा पावसाळा सरतां सरतां एके सायंकाळीं आमच्या शाळेचे चार माजी विद्यार्थी मला भेटावयास आले. चौघेहि पोलीसभरतीच्या तयारीस लागलेले. नेकनूरच्या सडकेवर पहाटे फिरावयास जाणाऱ्यांस ही मंडळी ठाऊक आहे. अंधारांत पावलांचा आवाज आधीं येतो आणि माणसें मागाहून दिसतात. भरतीस १६०० मीटर धांवावें लागतें, तेवढें त्यांच्या अंगवळणीं पडलें होतें. आतां त्यांच्या मनानें निराळेंच घेतलें होतें. “सर, आम्ही चौघं मिळून पांच दिवस रोज एक मॅराथॉन पळणार,” असें त्यांतील एकानें सांगितलें, आणि बाकीचे तिघे माझ्या तोंडाकडे पाहूं लागले.

दुसऱ्याच दिवशीं त्यांतल्या एकाची आई शाळेच्या फाटकाशीं उभी राहिलेली दिसली. “सर, लेकरू रोज पहाटं उठून पळायलंय,” ती म्हणाली. “लोकं म्हनतेत, गुडघे निकामी होतेत, काळीज फुटतंय. खरं हाय का वो? तुमी सांगितलं तर ऐकंल त्यो.”

मुलास हो म्हणावें कीं आईस, या पेंचांत मी सांपडलों. दुसऱ्यास उत्तर द्यावयाचें तर तें आधीं आपणांस ठाऊक हवें. म्हणून गेले कांहीं महिने या विषयावर जें वाचावयास मिळालें, आणि जें माझ्या स्वतःच्या पायांनीं मला पूर्वींच शिकविलें होतें, तें येथें मांडीत आहें. इतर पालकांच्या मनांतहि हाच प्रश्न असेल तर त्यांसहि त्याचा उपयोग होवो.

प्रथम अंतराविषयीं. लांब पल्ल्याच्या कोणत्याहि शर्यतीस मॅराथॉन म्हणावें असा आपल्याकडे समज होऊन बसला आहे; तीन किलोमीटरांच्या दौडीच्या फलकावरहि हा शब्द झळकतो. वस्तुतः हें अंतर ठरलेलें आहे : २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. नेकनूरहून निघावें, मांजरसुंब्याचा घाट उतरून बीड गांठावें, आणि तेथें पाठ टेकण्यापूर्वींच मागें वळून सुमारें निम्मी वाट परत चढून यावें, तेव्हां एक मॅराथॉन पुरी होते. चौघांस मीं हा हिशेब सांगितला तेव्हां ते घटकाभर गप्प झाले. मोटारीनें रोज जाणाऱ्या रस्त्याची लांबी माणसाच्या कधींच ध्यानांत येत नाहीं.

या अंतराची कथा सर्वांनीं ऐकलेली असते. मॅराथॉनच्या रणांगणावरून एक दूत विजयाची वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धांवला आणि ती सांगतांच गतप्राण झाला, अशी ती कथा. परंतु त्या युद्धाचा आद्य इतिहासकार हेरोडोटस याच्या ग्रंथांत ती नाहीं. त्यानें सांगितलेला फिलिप्पिदेस हा साहाय्य मागण्यासाठीं अथेन्सहून स्पार्टास धांवत गेला आणि दुसऱ्या दिवशीं तेथें पोंचला. हें अंतर दोनशें किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे खरा दूत मेला नाहीं; तो याहून कितीतरी अधिक धांवला आणि जिवंत राहिला! शतकांनंतरच्या लेखकांनीं त्याला मारून कथा गोड केली. इ. स. १८९६ सालीं अथेन्स येथें पहिले अर्वाचीन ऑलिंपिक सामने झाले, तेव्हां या कथेच्या आधारें सुमारें ४० किलोमीटरांची शर्यत ठेवण्यांत आली व ती स्पिरिडॉन लुईस नांवाच्या ग्रीक तरुणानें जिंकली. १९०८ सालीं लंडनला विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणांतील राजासनापर्यंत रस्ता मोजला गेला आणि ते ३८५ यार्ड त्यांत शिरले. १९२१ सालीं तेंच माप कायम झालें.

आपल्या मराठी मुलुखाचा या शर्यतीशीं संबंध फार जुना आहे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धांवणारीं खेड्यांतील शेतकऱ्यांचीं मुलें पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यांच्या खटपटीनें १९२० सालच्या अँटवर्प येथील ऑलिंपिकला हिंदुस्थानचा लहानसा संघ गेला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षींची मॅराथॉन नेहमींपेक्षां लांब, म्हणजे ४२ किलोमीटर ७५० मीटर होती. चौगुले यांनीं ती २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. परक्या हवेंत, परक्या अन्नावर, समुद्रप्रवासानंतर! मला हा एकोणिसावा क्रमांक पुष्कळ सुवर्णपदकांहून मोठा वाटतो.

परंतु एक मॅराथॉन धांवणें ही एक गोष्ट, आणि दुसऱ्या दिवशीं उठून पुन्हां तीच धांवणें ही अगदीं वेगळी गोष्ट. या दुसऱ्या प्रकाराचें उदाहरण शोधूं लागलों तों तें दूर परदेशीं न सांपडतां पुण्यासच सांपडलें. पुण्याचे श्री. आशीष कासोदेकर यांनीं वयाच्या पन्नाशींत २८ नोव्हेंबर २०२१ पासून २६ जानेवारी २०२२ पर्यंत लागोपाठ ६० दिवस रोज एक मॅराथॉन पुरी केली. गुणाकार करून पाहा : अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर भरतें. त्यापूर्वींचा गिनेस बुकांतील विक्रम इटलीच्या एन्झो कापोरासो यांचा ५९ दिवसांचा होता. अर्थात् विक्रम म्हणजे मोडण्यासाठींच असतात. बेल्जियमच्या हिल्डे दोसोन या पंचावन्न वर्षांच्या बाईंनीं २०२४ सालीं, म्हणजे लीप वर्षांत, १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत ३६६ मॅराथॉन पुऱ्या केल्या. आमच्या चौघांस पांच दिवस म्हणजे आकाश ठेंगणें वाटत होतें, हे आंकडे ऐकून एकजण म्हणाला, “मग पांच म्हणजे काहींच नाहीं, सर!” येथेंच घोटाळा होतो. साठाचा आंकडा ऐकून पांच लहान वाटतात. पण त्या साठामागें किती वर्षांची पूर्वतयारी होती तें आंकड्यांत दिसत नाहीं. हेच कासोदेकर २०१९ सालीं लडाखच्या उंच घाटांतील ५५५ किलोमीटरांची दौड पुरी करून आलेले होते.

तयारीशिवाय निघणाऱ्यांचें काय होतें याचा एक जुना दाखला आहे. १९२८ सालीं अमेरिकेंत लॉस एंजेलिसपासून न्यूयॉर्कपर्यंत, सुमारें ३४०० मैलांची, रोज एक टप्पा याप्रमाणें ८४ दिवसांची शर्यत लावण्यांत आली. बक्षीस पंचवीस हजार डॉलरांचें. निघाले १९९, पोंचले ५५. जिंकला तो ओक्लाहोमाकडील अँडी पेन नांवाचा चेरोकी जमातीचा एक शेतकऱ्याचा तरुण मुलगा. उरलेल्या १४४ जणांचें काय झालें हा प्रश्न माझ्या मनांत पुष्कळ वेळ घोळत होता. त्यांत मोठमोठे धांवपटू होते. परंतु वेगाच्या अभिमानानें पहिल्या दिवसांतच त्यांनीं पाय खर्चून टाकले.

आपल्या मुलुखास ही कल्पना वस्तुतः नवी नाहीं. नेकनूर हें बंकटस्वामींचें गांव. आषाढीस पंढरीची वाट धरणारीं माणसें येथें प्रत्येक घराच्या ओळखीचीं आहेत. कार्तिकी पौर्णिमेस कपिलधारेला मन्मथस्वामींच्या समाधीसाठीं दूरदूरच्या गांवांहून मंडळी पायीं येतात. शेगांवची पालखी तर विदर्भांतून निघून आपल्याच जिल्ह्यांतील परळी व अंबाजोगाईवरून पंढरपुरास जाते; तिचा पल्ला सातशें किलोमीटरांच्या घरांत असून ती महिन्याहून अधिक दिवस वाटेवर असते. हे लोक धांवत नाहींत, चालतात, हें खरें. परंतु रोज वीस-पंचवीस किलोमीटर, पुन्हां दुसऱ्या दिवशीं तितकेंच, आणि तेंहि साठी उलटलेल्या म्हाताऱ्यांसह, हें कसें साधतें तें पाहण्यासारखें आहे. दिंडी पहाटे उन्हाच्या आधीं निघते. दुपारच्या विसाव्याची जागा ठरलेली असते. तंबू व शिधा घेऊन एक गाडी पुढें गेलेली असते, म्हणून दमून आलेल्यास चूल पेटवीत बसावें लागत नाहीं. टाळांच्या ठेक्यावर पाऊल पडत असल्यामुळें कोणी उगाच पुढें पळत नाहीं. आणि चाल ठरते ती तरण्याच्या पायांवरून नव्हे, तर म्हाताऱ्याच्या पायांवरून. लागोपाठ मॅराथॉन धांवणाऱ्यांच्या व्यवस्थेविषयीं मीं जें वाचलें त्यांत या पांच गोष्टींहून फारसें निराळें कांहीं नव्हतें.

आतां शरीराकडे वळूं. एक किलोमीटर धांवण्यास वजनाच्या दर किलोमागें सुमारें एक कॅलरी उष्णता खर्च होते, असा ढोबळ हिशेब आहे. साठ किलो वजनाच्या तरुणास एका मॅराथॉनला अडीच हजार कॅलरी लागल्या. आपल्या स्नायूंत व यकृतांत साखरेचा जो सांठा असतो तो मात्र सुमारें दोन हजार कॅलरींचा. बाकीची तूट चरबींतून भरून निघते, आणि चरबी ही ओल्या लाकडासारखी, सावकाश पेटणारी. जो वेगानें धांवतो तो साखर जाळतो, आणि तीस-बत्तीस किलोमीटरांच्या सुमारास त्याचे पाय एकाएकीं लांकडासारखे होतात. जो सावकाश धांवतो त्याच्या खर्चांत चरबीचा वांटा मोठा असतो व साखर पुरते. हा रिकामा झालेला सांठा पुन्हां भरावयास भरपूर भात-भाकरी खाऊनहि पुरा एक दिवस लागतो, कधीं अधिकहि. रोज धांवणाऱ्यापाशीं तेवढा वेळ नसतो. म्हणून त्याची पहिली विद्या वेगाची नसून कंजुषीची असते.

दुसरी गोष्ट स्नायूंची. एका मॅराथॉनमध्यें जवळजवळ चाळीस हजार पावलें पडतात, आणि प्रत्येक पावलास शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार त्या एका पायावर येतो. स्नायूंच्या तंतूंस बारीक बारीक इजा होते. त्यांतहि उतार वाईट. चढावर छाती भरते, म्हणून आपण चढाला भितों. पण मांड्या मोडतात त्या उतारावर, कारण तेथें स्नायू ताणला जात असतांच त्याला भार रोखून धरावा लागतो. मांजरसुंब्याचा घाट बीडाकडे उतरतांना सुखाचा वाटतो. त्याचें बिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं येतें. हें दुखणें चोवीस तासांनीं सुरू होऊन तिसऱ्या दिवसापर्यंत वाढत जातें. त्यामुळें दुसऱ्या दिवशीं सकाळीं “काय, कांहींच झालें नाहीं!” अशी जी फुशारकी मारली जाते ती फसवी असते. स्नायू मात्र लौकर दुरुस्त होतात व लौकर शिकतात. स्नायुबंध आणि हाडें फार सावकाश शिकतात. छाती व स्नायू तीन महिन्यांत तयार होतात आणि माणसास वाटतें आपण तयार झालों; हाडांस ती वार्ता अद्याप पोंचलेलीच नसते. बहुतेक मोडतोड याच फरकांत होते.

पाण्याविषयीं एक गैरसमज इतका रूढ आहे कीं त्यावर थोडें थांबलें पाहिजे. धांवतांना माणसाचा तासाला अर्धा ते दोन लिटर घाम जातो, आणि घामाबरोबर मीठहि जातें. पाणी न पिणें घातक आहे हें सर्व जाणतात. परंतु तहान नसतां नुसतें पाणी ढोसणें हेंहि घातक आहे, हें कोणी सांगत नाहीं. त्यानें रक्तांतील मीठ पातळ होतें, डोकें दुखूं लागतें, ओकारी येते, भ्रम होतो, आणि फार झाल्यास प्राणावर बेततें. बोस्टनच्या २००२ सालच्या मॅराथॉनमध्यें ४८८ धांवपटूंचें रक्त तपासलें असतां शेंकडा १३ जणांच्या रक्तांत मीठ वाजवीपेक्षां कमी आढळलें. म्हणून तहान लागेल तेवढेंच प्यावें, आणि त्यांत लिंबू, मीठ, साखर असावी. आपलें मीठ घातलेलें पातळ ताक मला याहून चांगलें वाटतें, पण हें आपलें माझें मत. दुखणें मारण्याची गोळी खाऊन धांवूं नये. घामानें सुकलेल्या शरीरांत ती मूत्रपिंडांवर घाव घालते. आणि लघवी चहासारखी काळसर झाली तर त्याच क्षणीं धांवणें बंद करून डॉक्टरांकडे जावें. यांत “उद्यां पाहूं” नाहीं.

मग त्या माउलीच्या दोन प्रश्नांचें काय? गुडघ्यांविषयीं २०१७ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून आंकडे काढण्यांत आले. हौसेनें, बेतानें धांवणाऱ्यांत खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्यांची झीज शेंकडा साडेतीन जणांत आढळली. बसून राहणाऱ्यांत शेंकडा दहा जणांत. आणि स्पर्धेसाठीं अट्टाहासानें धांवणाऱ्यांत शेंकडा तेरा जणांत. म्हणजे बेतानें धांवणाऱ्याचे गुडघे ओट्यावर बसून राहणाऱ्याहून बरे. अति करणाऱ्याचे मात्र दोघांहून वाईट. काळजाविषयीं : अमेरिकेंत २००० ते २०१० या काळांतील एक कोटीहून अधिक धांवपटूंची गणती झाली, तींत मॅराथॉन धांवणाऱ्यांपैकीं लाखांत सुमारें एकाचें हृदय धांवतां धांवतां बंद पडलें. बहुधा अशांच्या हृदयांत आधींचाच कांहीं दोष असतो. घरांत कोणी तरुणपणीं एकाएकीं गेलें असेल, धांवतांना छातींत दुखत असेल किंवा घेरी येत असेल, तर तपासणी केल्यावांचून एक पाऊलहि टाकूं नये. मीं त्या बाईस हें सर्व सांगितलें. तिनें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, “मंजे थोडं पळावं, लई पळू नये. हेंच ना?” इतकीं पानें वाचून मी जेथें पोंचलों होतों तेथें ती एका वाक्यांत पोंचली.

शाळेंतील विद्यार्थ्यांस येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं हा प्रकार तुमच्यासाठीं नव्हे. मुंबईच्या मोठ्या मॅराथॉनमध्यें पुऱ्या अंतरासाठीं अठरा वर्षें पुरीं असावीं लागतात, तें उगाच नाहीं. वाढत्या हाडांच्या टोंकांशीं अजून कूर्चा असते. तुमच्या वयास उचित काय तें आपल्याच जिल्ह्यानें दाखवून दिलें आहे. आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे लहानपणीं सहा किलोमीटरांवरील शाळेस चालत-धांवत जात. सैन्यांत गेल्यावर, २०१५ च्या सुमारास, ते शर्यतींकडे वळले; २०२० सालीं दिल्लीस त्यांनीं अर्धमॅराथॉन १ तास ३० सेकंदांत धांवून राष्ट्रीय विक्रम केला, २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत रौप्यपदक आणि पुढच्या वर्षीं आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें. शाळेच्या वाटेवरचे ते सहा किलोमीटर त्यांच्या हाडांत सांठत गेले होते.

आतां सोबतीविषयीं, कारण आमच्या चौघांच्या बेताचा खरा जीव तोच होता. सोबत्यांसह धांवण्याचा एक मोठा लाभ असा कीं बोलतां येतें. ज्या वेगानें धांवतांना पुरें वाक्य बोलतां येतें तोच दूरवर टिकणारा वेग; वाक्य तुटूं लागलें कीं समजावें, उद्यांची पुंजी आजच खर्च होत आहे. एकट्यास हें माप मिळत नाहीं. शिवाय पहाटे चार वाजतां अंथरुणांतून उठविणारी शक्ति बहुधा निश्चयाची नसते. दाराबाहेर कोणी उभा आहे या लाजेची असते.

सर रॅनल्फ फाइन्स आणि डॉक्टर माइक स्ट्राउड या इंग्रज मित्रद्वयानें २००३ सालीं सात दिवसांत सात मॅराथॉन धांवण्याचा बेत केला, आणि तोहि सात निरनिराळ्या भूखंडांवर. दिवसा धांवावें आणि रात्रीं विमानांत झोंपावें असा तो प्रकार. निघण्यापूर्वीं अवघ्या चार महिन्यांआधीं फाइन्स यांस हृदयविकाराचा झटका येऊन त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. ठोके मिनिटाला १३० च्या वर जाऊं देऊं नका, असें त्यांस बजावण्यांत आलें होतें. हवा प्रतिकूल झाल्यामुळें अंटार्क्टिकाची दौड फॉकलंड बेटांवर करावी लागली. तेथून सिडनी, सिंगापूर, लंडन, कैरो करीत ते न्यूयॉर्कला पोंचले आणि सातवी दौडहि त्यांनीं पुरी केली. दहा वर्षांपूर्वीं या दोघांनीं अंटार्क्टिकाच्या बर्फांतून जड गाड्या ओढीत पायीं प्रवास केला होता. एकमेकांची रीत त्यांस पुरती ठाऊक होती.

उलट दुसरी गोष्ट टेरी फॉक्स या कॅनडाच्या तरुणाची. अठराव्या वर्षीं हाडाच्या कर्करोगानें त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १९८० सालच्या एप्रिलांत कृत्रिम पाय लावून त्यानें देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, रोज जवळजवळ एक मॅराथॉन याप्रमाणें, धांवावयास आरंभ केला. कर्करोगाच्या संशोधनास पैसा मिळावा हा हेतु. १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याचें कळलें आणि त्यास थांबावें लागलें. पुढच्या जून महिन्यांत तो वारला. त्याची गाडी हांकणारा व स्वयंपाक करणारा त्याचा बालमित्र डग अल्वर्ड होता. ही थोर कथा सांगतांना एक गोष्ट लोक गाळतात. आरंभींच्या कांहीं आठवड्यांतच या दोघां मित्रांत इतकें बिनसलें कीं एकमेकांशीं बोलणें बंद झालें. आईबापांस विमानानें यावें लागलें, आणि दोघांच्या मध्यें पाचर म्हणून टेरीचा धाकटा भाऊ गाडींत बसविण्यांत आला. मग पुढें सर्व सुरळीत चाललें. थकवा आधीं पायांत येत नाहीं, जिभेवर येतो.

परंतु भांडणापेक्षांहि सोबतींतील एक धोका मला अधिक भयंकर वाटतो, आणि तो मी स्वानुभवानें सांगतों. महाविद्यालयांत असतां आम्हीं तिघां मित्रांनीं सात दिवस रोज दहा मैल धांवण्याची पैज लावली होती. तिसऱ्या दिवशीं माझ्या डाव्या नडगींत, बोट ठेवतां येईल अशा एकाच जागीं, कळ येऊं लागली. मीं ती कोणासहि सांगितली नाहीं. दोघे मित्र माझ्यामुळें थांबतील, ही लाज. आणि आपण कच्चे ठरूं, हें भय. चौथ्या दिवशीं मी दांत आवळून धांवलों. पांचव्या दिवशीं सडकेच्या कडेला बसलों तो उठवेना. हाडास बारीक चीर गेली होती. दोन महिने काठी घेऊन वर्गांत जावें लागलें. त्या दोन महिन्यांत एके दिवशीं त्यांतील एक मित्र माझ्या खाटेवर बसून म्हणाला, “तूं बोलला असतास तर बरं झालं असतं रे. माझा गुडघा दुसऱ्या दिवसापासून दुखत होता. तूं थांबत नाहींस म्हणून मी थांबलों नाहीं.” तिसऱ्याचेंहि तसेंच कांहीं होतें, असें मागाहून कळलें. तिघे एकमेकांसाठीं धांवत होतों आणि तिघांपैकीं एकासहि धांवावयाचें नव्हतें!

हें मीं चौघांस सांगितलें आणि एकच अट घातली : रोज सायंकाळीं चौघांनीं एकत्र बसून, प्रत्येकानें आपल्याला कोठें व किती दुखतें तें शून्यापासून दहापर्यंतच्या आंकड्यानें सांगावें, आणि तें वहींत लिहावें. दुखणें सर्वत्र पसरलेलें असेल तर चिंता नाहीं. एका बोटानें दाखवितां येत असेल तर दुसऱ्या दिवशीं तो धांवणार नाहीं. पांच दिवस पांच मॅराथॉन हा बेत निदान दोन वर्षें लांबणीवर टाकावा, यंदा नाताळांत तीन दिवस रोज अर्धी धांवून पाहावी, असें ठरलें. हें त्यांस आवडलें नाहीं. एकजण तर आठवडाभर माझ्याशीं बोलला नाहीं.

नाताळच्या सुट्टींत तीन सकाळीं ते धांवले. थंडी चांगली होती, सडकेवर उसाच्या गाड्यांची वर्दळ होती, म्हणून अंगांत चकचकीत पट्ट्यांचीं जाकिटें घातलीं होतीं. पहिल्या दिवशीं चौघांनीं गप्पा मारीत सव्वीस मैलांचें निम्में पुरें केलें. सायंकाळीं वहींत चौघांचे आंकडे दोन-तीनच्या आंत होते. दुसऱ्या सायंकाळीं तिघांनीं आपले आंकडे सांगितले आणि चौथा गप्प राहिला. तो त्याच माउलीचा मुलगा. मी कांहींच बोललों नाहीं. बऱ्याच वेळानें त्यानें पँट वर केली, नडगीच्या आंतल्या बाजूस बोट टेकलें आणि म्हणाला, “सर, इथं दुखायलंय. सहा.”

तिसऱ्या दिवशीं तिघे धांवले. चौथा मोटारसायकलीवर ताकाची बरणी, केळीं आणि आईनें दिलेल्या भाकरी घेऊन पुढें गेला आणि दर पांच किलोमीटरांवर थांबून राहिला. तिघांस २ तास ४७ मिनिटें लागलीं. ती वेळ वहींत त्याच्याच अक्षरांत आहे. त्याखालीं त्यानें स्वतःचा आंकडाहि लिहिला आहे : चार. जानेवारीच्या अखेरीस तो शून्यावर आला, आणि गेल्या आठवड्यापासून पहाटेच्या अंधारांत सडकेवर पुन्हां चौघांचीं पावलें ऐकूं येतात.